चाललो अंबडला

मराठवाड्यातल्या तीर्थपुरीच्या रस्त्यावर ओळखीचं माणूस भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘कुठं चाललात?’ उत्तरही ठरलेलं, ‘चाललो अंबडला.’ या सवाल-जवाबातलं क्रियापद डोक्यातून जात नाही. ‘बसलो’, ‘उठलो’, ‘जेवलो’ यांच्याच घरातलं हे रूप. शाळेतल्या व्याकरणाला विचारलं तर सरळसरळ भूतकाळ. पण अंबड अजून लांब आहे, एसटी यायची आहे, माणूस रस्त्यातच उभा आहे. तरी विचारणाऱ्यालाही काही खटकत नाही आणि सांगणाऱ्यालाही नाही. घरातून हाक आली की ‘आलो, आलो’ म्हणणारा जागचा हललेला नसतो आणि निरोप घेणारा ‘येतो’ म्हणून जातो. इथलं पाच वर्षांचं पोरही ही रूपं बिनचूक वापरतं. पुढं तेच पोर इंग्रजीच्या तासाला बसतं आणि त्याला सांगितलं जातं की क्रिया आत्ता घडते तो वर्तमानकाळ, घडून गेली तो भूतकाळ, घडायची आहे तो भविष्यकाळ. इंग्रजीचे साधे काळ आपल्या मुलांना जड जातात त्याचं मूळ या व्याख्येत आहे, असं माझं ठाम मत आहे. मुलं कमी पडत नाहीत, व्याख्या कमी पडते.

तीन काळ आणि प्रत्येकाचे चार प्रकार, असा बारा घरांचा तक्ता शाळाशाळांतून पाठ करून घेतात. त्यातलं पहिलं घर साध्या वर्तमानकाळाचं, आणि तिथंच गाडी अडते. इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ ‘आत्ता’विषयी फारच थोडं बोलतो. गोदावरी पूर्वेकडं वाहते, कापूस दिवाळीच्या सुमारास फुटतो, गाडी सकाळी सुटते, मामा मोसंबी विकतात: नियम, रीत, वेळापत्रक, धंदा हा त्याचा प्रांत. आत्ता चाललेलं सांगायला इंग्रजीत दुसरं रूप आहे, ‘आय ॲम गोइंग’. हा भेद मराठी मुलाला नवा नाही. ‘मी शाळेत जातो’ आणि ‘मी शाळेत जातोय’ यांतला फरक त्याला कुणी शिकवावा लागत नाही. पण ‘आत्ता घडते तो वर्तमानकाळ’ हे एकदा मनावर ठसलं की दोन्ही रूपं एका पोत्यात जातात आणि वहीत ‘आय ॲम गोइंग टू स्कूल डेली’ उमटतं. तिसऱ्या काळाचं, भविष्यकाळाचं, तर आणखीच नवल. ‘गो’चं कालसाठी ‘वेन्ट’ होतं. उद्यासाठी मात्र ‘गो’ तसंच राहतं, फक्त पुढं ‘विल’ येऊन बसतं. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली इंग्रजीचं जे मोठं व्याकरण प्रसिद्ध केलं, त्यात इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचं वेगळं रूपच नाही, असं मांडलं आहे. म्हणजे साध्या काळांत खरी रूपं दोनच, आणि ती पाठ करायला बारा घरांची गरज नाही.

रूप वेगळं आणि काळ वेगळा हे सांगायला परदेशी पंडितांपर्यंत जायचीही गरज नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवून मराठीचं व्याकरण लिहिलं; पण मोरो केशव दामल्यांच्या १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त क्रियापदाच्या रूपांना त्यांच्या प्रत्ययांवरून नावं आहेत. ‘जातो’ ते ताख्यात, ‘गेला’ ते लाख्यात, ‘जाई’ ते ईआख्यात. आधी रूप ओळखायचं आणि मग ते कुठं कुठं राबतं ते पाहायचं. ‘चाललो अंबडला’ हे लाख्यात वर्तमानाचं काम करतंय, एवढं म्हटलं की गुंता सुटतो. आज ही नावं स्पर्धा परीक्षेची मुलं चार गुणांसाठी घोकतात आणि विसरतात. इतकी तयार दृष्टी आपल्या घरात असताना इंग्रजीच्या फळ्यावर तिचा मागमूस नसावा, याचं वाईट वाटतं.

आता ‘डझ नॉट’ पाहा. ‘ही गोज’ पाठ झालेलं मूल नकार देताना ‘ही डझ नॉट गोज’ म्हणतं. शिक्षक लाल शाईनं ‘एस’ खोडतात आणि सांगतात, नियम आहे. नियम कुठून आला ते मुलाच्या तोंडातच आहे. तो जातो, ती जाते, तू जातोस, ते जातात: चार माणसं, चार रूपं. नकार दिला की काय होतं? तो जात नाही, ती जात नाही, तू जात नाहीस, ते जात नाहीत. क्रियापद आपला सगळा साज उतरवून नुसतं ‘जात’ होऊन उभं राहतं. लिंग तर पुसूनच जातं, आणि कोण, किती हे सांगायचं काम ‘नाही’कडं जातं. इंग्रजीतही हेच घडतं. ‘गोज’चा ‘एस’ निघून ‘डझ’वर बसतो आणि मागं उघडं ‘गो’ उरतं. या दोन वाक्यांच्या जोड्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या तर नियम सांगावाच लागणार नाही. भूतकाळात मात्र मराठी दुसऱ्या वाटेनं जाते. तो गेला नाही, ती गेली नाही, ते गेले नाहीत: इथं क्रियापद काहीच उतरवत नाही, उलट अनेकवचन दोन्हीकडं उमटतं. म्हणून ‘ही डिड नॉट वेन्ट’. इंग्लंडातली लहान मुलंही बोलायला शिकताना अशीच चूक करतात, तेव्हा दोष सगळा मराठीचा नाही, हे मान्य. पण आपल्या मुलाजवळ ती चूक समजून घ्यायचं साधन आहे. ‘डिड’ आला की भूतकाळातही इंग्रजी ‘जात नाही’सारखी वागते, ‘गेला नाही’सारखी नाही, हे एक वाक्य त्याला पुरतं.

‘वेन्ट’ची भीतीही अशीच अनाठायी. ‘गो’चं ‘वेन्ट’ कसं होतं, असं मूल विचारतं. ‘जा’चं ‘गेला’ कसं होतं, असा उलट प्रश्न त्याला विचारावा. दोन्ही भाषांत जाण्याच्या क्रियापदानं आपला भूतकाळ दुसऱ्या धातूकडून घेतला आहे: ‘जा’ आला ‘या’ धातूवरून आणि ‘गेला’ आला ‘गत’वरून, तर ‘वेन्ट’ हे मुळात ‘वेन्ड’ या वेगळ्या क्रियापदाचं रूप. शिवाय मराठी मूल लहानपणीच याहून अवघड गोष्ट करून बसलेलं असतं. तिनं ऊस खाल्ला, तिनं मोसंबी खाल्ली, तिनं बोर खाल्लं. भूतकाळात क्रियापद कर्त्याला सोडून खाल्लेल्या वस्तूच्या लिंगावर जातं. एवढी कसरत बोलताबोलता करणाऱ्याला ‘एट’ हे एकच रूप, कुणीही खावो, काहीही खावो, सोपंच वाटायला हवं. त्याला तसं कुणी सांगत नाही.

यावर आक्षेप येतील आणि ते पोकळ नाहीत. राज्यात मराठी शाळांतून इंग्रजी पहिलीपासून सक्तीची झाली ती २००० साली. त्याआधी ती पाचवीला सुरू व्हायची. सहा वर्षांच्या मुलाला ताख्यात-लाख्यात सांगायचं का? नाही, नावं शिक्षकापुरती. मुलापुढं वाक्यांच्या जोड्या ठेवाव्यात. दुसरा आक्षेप असा की इंग्रजीच्या तासाला मराठी आणली की मूल कायमचं भाषांतर करून बोलतं. ‘तर्खडकर भाषांतर पाठमाले’वर पिढ्या वाढल्या आणि त्यांतल्या अनेकांना बोलायची वेळ आली की तोंड उघडेना, हे खरं आहे. पण त्यात सराव लिहिण्याचा होता. बोलण्याचा सराव नसेल तर कोणत्याही पद्धतीनं तोंड उघडणार नाही. आणि मराठी तासातून हाकलली म्हणून मुलाच्या डोक्यातून जात नाही, ती तिथं गुपचूप काम करतच राहते. तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार: दोन्ही भाषा सगळीकडं जुळत नाहीत. ‘मी इथं पाच वर्षांपासून राहतो’ हे मराठीत निर्दोष. इंग्रजीत ‘आय लिव्ह’ चालत नाही, ‘आय हॅव लिव्ह्ड’ लागतं. इथं मराठी फसवणार, हे आधीच सांगून ठेवावं. कुठं जुळतं हे ज्याला दाखवलं आहे, त्यालाच कुठं जुळत नाही हेही दाखवता येतं.

परक्या भाषेतून व्याकरण शिकण्याची या मुलखाला सवय जुनी आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं आणि वरच्या वर्गांची शाळाही उर्दूतच चाले. तेव्हाचे विद्यार्थी काळ शिकले ते माजी, हाल, मुस्तकबिल या नावांनी. त्यांतल्या ‘माजी’चे पुन्हा प्रकार: ‘माजी मुतलक’ म्हणजे साधा भूतकाळ, ‘माजी करीब’ नुकताच झालेला, ‘माजी बईद’ लांबचा. गेलेल्या काळाचं अंतर मोजणारी ही नावं मला बारा घरांच्या तक्त्याहून जास्त आवडतात.

आणि काळाची रूपं स्वतः तरी कुठं एका जागी राहतात? तीर्थपुरी घनसावंगी तालुक्यात, त्याच तालुक्यात समर्थ रामदासांचं जांब. रामदास आणि तुकाराम दोघेही १६०८ सालचे मानले जातात. त्या काळच्या अभंगांत शेवटी ‘तुका म्हणे’ येतं तिथलं ‘म्हणे’ म्हणजे ‘म्हणतो’: चोख वर्तमानकाळ, ज्ञानेश्वरीपासून चालत आलेला. आज ‘ती म्हणे’, ‘तो जाई’, ‘आजी दळण दळी’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं ते ‘पूर्वी रोज असं होत असे’. रूप तेच राहिलं आणि त्याच्या खालून काळ सरकला. झ्यूल ब्लॉख या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं मराठीच्या घडणीचा जो अभ्यास गेल्या शतकाच्या आरंभी केला, त्यात जुन्या वर्तमानाचा हा प्रवास मांडलेला आहे. ‘म्हणे’ तर आणखी एका वाटेला लागलं. ‘यंदा पाऊस लवकर येणार म्हणे’ यात ते ना वर्तमान, ना भूत. ऐकीव गोष्टीची जबाबदारी अंगावर न घेण्याची ती एक सोय झाली. कीर्तनात मात्र ‘तुका म्हणे’ ऐकताना कुणालाच ते जुनं वाटत नाही. टाळकऱ्यांना तुकाराम समोर उभे राहून आत्ता म्हणत असतात. इकडं बोलण्यातून ‘जाई’, ‘दळी’ कधीच मागं पडलं. गोदाकाठच्या ओट्यावर आजीविषयी बोलणं निघालं की कुणी ‘ती जात्यावर दळी’ म्हणत नाही. ‘दळायची, पहाटे उठून दळायची’ असंच म्हणतात, आणि हे ‘दळायची’ दामल्यांच्या यादीत चाख्यात म्हणून बसलेलं आहे.