दात सरळ होताना सोसायचं किती?

दातांना तारा लावायचं ठरलं की घरात आधी खर्चाचं बोलणं होतं, मग दिसण्याचं. दुखण्याचा विषय मात्र ‘थोडं सोसावं लागेल’ एवढ्यावर संपतो. माझा आक्षेप या वाक्याला आहे, कारण ते दोन अगदी वेगळी दुखणी एकाच मापाने मोजतं. तार घट्ट केल्यावरचं दुखणं दाबाचं असतं. मुळाभोवतीच्या तंतूंवर ताण येऊन तिथे दाह होतो. ठणका काही तासांनी सुरू होतो, साधारण दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि आठवडाभरात ओसरतो. भुलीच्या इंजेक्शनाचा तिथे उपयोग नाही, कारण त्याचा असर दोन-तीन तासांत उतरतो. तिथे मऊ भात आणि डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल पुरतं. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रोज घेत राहणं बरेच ऑर्थोडॉन्टिस्ट टाळायला सांगतात, कारण त्या ज्या प्रोस्टाग्लँडिनला आवर घालतात, तेच दात सरकायलाही मदत करतं.

पण जागा करण्यासाठी उपदाढा काढायच्या असतात, हाडात अडकलेला सुळा हिरडी कापून मोकळा करायचा असतो, किंवा दात ओढायला आधार म्हणून हाडात बारीक स्क्रू बसवायचा असतो, तेव्हाचं दुखणं जखमेचं असतं. ते सोसायला लावण्याचं मला एकही कारण दिसत नाही. लिग्नोकेन हे भुलीचं औषध 1943 साली स्वीडनमध्ये तयार झालं आणि पुढे दातांच्या कामात ते सर्वांत भरवशाचं औषध ठरलं आहे. ‘सुईच जास्त दुखते, मग भूल कशाला?’ असं म्हणणारे पालक भेटतात. सुई दुखते हे खरंच आहे, टाळूवर तर फारच; तिथली त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असल्याने औषधाला पसरायला जागा मिळत नाही. पण त्यावर उपाय आहेत, आणि ते महागडेही नाहीत. कापसाने जागा कोरडी करायची, बधिर करणारं जेल लावायचं, दोन मिनिटं खरोखर थांबायचं, सुई टोचताना शेजारी बोथट टोकाने दाबून धरायचं आणि औषध अगदी सावकाश सोडायचं. मला वाटतं, वेदनेचा निम्मा प्रश्न या घाई न करण्यातच सुटतो.

दुसरी शंका औषधाच्या प्रमाणाची. मुलांसाठी लिग्नोकेनची सावध मर्यादा दर किलो वजनाला सुमारे 4.4 मिलिग्रॅम धरतात. दोन टक्क्यांच्या औषधात मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम असतं. म्हणजे 40 किलोच्या मुलाला आठ मिलिलिटरपेक्षा थोडं जास्त चालतं, आणि एका उपदाढेला साधारण दोन पुरतं. इंजेक्शनानंतर क्षणभर छातीत धडधडतं ते बहुधा त्यातल्या अॅड्रेनॅलिनमुळे. खरी अॅलर्जी फार क्वचित असते.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि तो डॉक्टरांचा आहे. स्क्रू बसवताना ते मुद्दाम थोडीच भूल देतात. हिरडी बधिर झाली की काम भागतं. दाताच्या मुळाभोवतीची संवेदना मात्र जागी ठेवायची असते, म्हणजे स्क्रू मुळाकडे सरकू लागला तर पेशंटला कळ येते आणि हात थांबतो. हा हलगर्जीपणा नाही, ती खबरदारी आहे. पण ती पेशंटला आधी सांगितली पाहिजे. न सांगता आलेली कळ बारा वर्षांच्या मुलाला फसवणूक वाटते, आणि पुढची दीड-दोन वर्षं त्याला त्याच खुर्चीवर बसायचं असतं. उपदाढ काढतानाही हेच: भूल पूर्ण चढली तरी दाब आणि ओढ जाणवतेच, टोचणं जाणवता कामा नये. हा फरक मुलाला ठाऊक असेल तर ‘दुखतंय’ म्हणताना त्याचा गोंधळ होत नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे: दात काढायची तारीख घेतानाच डॉक्टरांना विचारा, आधी जेल लावणार का, भूल चढली हे तपासून पाहणार का, आणि मुलाने हात वर केला तर थांबणार का. घरी आल्यावर ओठ बधिर आहे तोवर त्याला काही चावायला देऊ नका. मुलं नकळत स्वतःचाच ओठ चावतात.