पेपरात आपलं काय आहे?

पेपर मी आतून वाचायला सुरुवात करते. पहिल्या पानावर दिल्ली, मुंबई, कोण कुठल्या पक्षात गेलं, कोण परत आलं. ते दिवसभर मोबाइलवर येतच असतं. सोलापूरच्या माणसाची खरी बातमी आतल्या पानावर खाली एका चौकटीत असते. आज कुठल्या भागाला पाणी, कुठल्या टाकीवरून, आणि काही बिघडलं असेल तर ‘उशिरा, कमी वेळ व कमी दाबाने’. हे तीन शब्द सोलापूरकरांना पाठ आहेत. दुसऱ्या गावचा माणूस ही चौकट ओलांडून पुढे जाईल. आमच्याकडे मात्र ती वाचल्याशिवाय घरातली बाई पाहुण्यांना कधी बोलवायचं, गोधड्या कधी धुवायच्या, लग्नाची हळद कुठल्या दिवशी ठेवायची हे ठरवत नाही. पाणी रोज येत नाही. तीन दिवसाआड, चार दिवसाआड, काही उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. ‘उद्या आपला दिवस आहे’ असं सोलापुरात कुणी म्हटलं तर तो वाढदिवसाचा नसतो, नळाचा असतो.

दुसरी बातमी उजनीची. उजनी धरण भीमेवर, आमच्याच जिल्ह्यात. एकूण साठा ११७ टीएमसी, पण त्यातलं जवळजवळ ६४ टीएमसी तळाचं, म्हणजे मृत साठा. वरचं साडेत्रेपन्न टीएमसी ते उपयुक्त. उपयुक्त संपलं की पेपरात ‘उजनी मायनसमध्ये’ असा मथळा येतो. जून २०२४ मध्ये धरण वजा साठ टक्क्यांच्या जवळ गेलं होतं. मुलं मला विचारायची, टीचर, पाणी वजा कसं असतं? मी काही गणिताची शिक्षिका नाही, उर्दू आणि मराठी शिकवते. तरी फळ्यावर मांडून दाखवलं. साडेत्रेपन्नचे साठ टक्के म्हणजे सुमारे बत्तीस. ते तळातून उपसलं. चौसष्टातून बत्तीस गेले, राहिले बत्तीसच्या आसपास. म्हणजे धरणात पाणी होतं, पण ते हिशेबाच्या बाहेरचं होतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “टीचर, मतलब उधारी.” यापेक्षा चांगली व्याख्या मला पाठ्यपुस्तकात सापडली नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत आहे. मुलांच्या घरी दखनी, गल्लीत मराठी, शेजारी तेलुगू नाहीतर कन्नड. सोलापूर आहे हे. बीएडला असताना आम्हाला पाठ टाचणात ‘शैक्षणिक साधने’ असा रकाना भरायला लावायचे. तिथे मी तेव्हा ‘तक्ता, चित्रे’ लिहायची. आता ‘कालचा पेपर’ लिहिते. पाठ्यपुस्तकातले धडे चांगलेच आहेत, पण नववीच्या मुलांना ज्या मराठीशी आयुष्यभर गाठ पडणार, ती धड्यातली मराठी नाही. ती नोटिशीची, अर्जाची, पावतीवरची मराठी आहे. रेशनच्या दुकानाबाहेर लावलेला कागद वाचता आला पाहिजे आणि त्यातलं कुठलं वाक्य आपल्याला लागू आहे हे कळलं पाहिजे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी नववीला एक काम दिलं. घरी, चहाच्या टपरीवर, कटिंगच्या दुकानात, मिळेल तिथून मराठी पेपर घ्या आणि ‘आपली’ वाटेल अशा बातमीचं एक कात्रण वहीत चिकटवून आणा. आपली म्हणजे काय, ते मी मुद्दाम सांगितलं नाही.

चाळीसेक कात्रणं आली. ईदच्या नमाजचा ईदगाहवरचा जुना फोटो दोघांनी आणला, बहुतेक कुणाच्या तरी घरी कपाटातल्या फळीवर अंथरलेला पेपर असावा. सणापूर्वीच्या शांतता कमिटीच्या बैठकीची बातमी आली. निवडणुकीत मुस्लिम मतं कुठं वळणार, हे सांगणारं अर्धं पान एकाने आणलं. आणि गुन्ह्याच्या बातम्या आल्या, सात-आठ तरी. आरोपीचं नाव आपल्यातलं, म्हणून बातमी आपली. ती कात्रणं आणणाऱ्या मुलांना वाईट वगैरे वाटत नव्हतं, हे मला जास्त लागलं. त्यांनी सरळ हिशेब केला होता. नाव शोधलं, नाव सापडलं, कात्री चालवली.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला मोठा पूर आला होता. माढा, मोहोळकडची गावं पाण्यात गेली, शेतातली मातीसुद्धा वाहून गेली. त्या वेळी आमच्या भागातल्या पोरांनी खिचडी, पाण्याच्या बाटल्या, चादरी गोळा करून टेम्पोने पाठवल्या. त्याचंही कात्रण आलं. मथळा होता, मुस्लिम समाजाकडून पूरग्रस्तांना मदत. स्टाफरूममध्ये यावर जरा वाद झाला. आमच्या एका सरांचं म्हणणं, मदत करतानाही आपल्याला सोलापूरकर म्हणत नाहीत. मला ते अर्धंच पटलं. कारण ही बातमी पेपरवाल्यांनी जशीच्या तशी छापली होती आणि ‘मुस्लिम समाजाकडून’ हे शब्द आमच्याच लोकांनी पाठवलेल्या निवेदनात होते. प्रत्येक जण आपल्या समाजाचा बॅनर टेम्पोला बांधून गेला, आम्हीही गेलो. पूरग्रस्त माणसाने चादर घेतली, बॅनर कुठे वाचला असेल!

या सगळ्यात एका मुलीच्या वहीत ती पाण्याची चौकट चिकटवलेली होती. दोन बोटं रुंद. मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, “टीचर, इसमें अपनी टाकी का नाम है. ये भी चलता क्या?”

चालतं तर! त्या दिवशी पुढचा तास मी त्याच चौकटीवर घेतला. मजकूर साधारण असा होता: तांत्रिक कारणास्तव शहराचा पाणीपुरवठा एक दिवस पुढे ढकलण्यात आला आहे, नागरिकांनी सहकार्य करावे. मी विचारलं, या वाक्यात कर्ता कोण? कुणी म्हणालं पाणीपुरवठा, कुणी म्हणालं तांत्रिक कारण. मग कर्मणी प्रयोग समजावला. उर्दूत याला फेल-ए-मजहूल म्हणतो आपण, ज्यात काम झालेलं दिसतं पण करणारा दिसत नाही. थोडा वेळ शांतता. मग तीच मुलगी म्हणाली, “तो ढकला कौन?”

वर्ग हसला. मीही हसले. पण सरकारी मराठीवर एवढी नेमकी टीका मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती.

ही मुलगी आठवड्यातून एक दिवस शाळेत पेंगते, नाहीतर येतच नाही. तिच्या गल्लीत नळ रात्री दोनच्या पुढे येतो. आई दिवसभर विड्या वळते, मान आणि पाठ धरलेली असते, वडील रिक्षा चालवतात आणि तेव्हा घरी नसतात. मग मोटार लावणं, पिंप भरणं, घागरी वर नेणं हे थोरल्या मुलीचं काम. पाणी सुटतं तास-सव्वा तास, चावीवाला ज्या वेळी येईल त्या वेळी. झोप गेली की सकाळची शाळा गेली. माझ्या हजेरीपटात गैरहजेरीच्या चौकोनाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलने बारीक ‘पा’ लिहिते. पा म्हणजे पाणी. वर्षाच्या शेवटी पान उलटून बघा, मुलांच्या नावांपुढे ‘पा’ तुरळक आहेत. मुलींच्या नावांपुढे ओळीने आहेत. मुलगी का गळते याची चर्चा निघाली की बाहेरचे लोक लगेच बुरखा, लवकर लग्न, मानसिकता असं बोलायला लागतात. तेही आहे, नाही कुठे म्हणते मी. पण नळाची वेळ कुणी विचारत नाही.

उजनीहून सोलापूरपर्यंत दुसरी मोठी जलवाहिनी, म्हणजे समांतर जलवाहिनी, हिच्या बातम्या मी वाचत आले आहे तेवढ्यात माझी मुलगी बालवाडीतून हायस्कूलला गेली. एकशे दहा किलोमीटर, १७० एमएलडी, हे आकडे इथल्या रिक्षावाल्यालाही येतात. मधल्या काळात शहरात बरंच घडलं. विमानासाठी १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी पाडली, ते बघायला लोक गच्च्यांवर चढले होते. ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं. मला विमानाचं काही वावडं नाही, कधीतरी बसेनही. फक्त ज्या गच्चीवरून मुलं विमान उतरताना बघतात, त्याच गच्चीवर ती पिंपं ठेवलेली आहेत, एवढंच.

भाषेच्या बातम्यांचंही तसंच. एप्रिल २०२५ मधला तो आठवडा आठवतो का? १५ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीचा निकाल दिला. मराठीच्या खाली उर्दूत नाव लिहिण्याला कायद्याची मनाई नाही, आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी चहा डबल झाला. दुसऱ्याच दिवशी, १६ तारखेला, मराठी आणि इंग्रजी शाळांत पहिलीपासून हिंदी अनिवार्य करण्याचा शासन निर्णय निघाला. त्यावरून राज्यभर रान उठलं आणि २९ जूनला सरकारने माघार घेतली. लहान मुलांवर तीन भाषांचा भार, हा मुद्दा सगळ्या वाहिन्यांवर चालला. बरोबरच होता. पण आमच्या पहिलीतल्या पोरांच्या दप्तरात उर्दू, मराठी, इंग्रजी अशा तीन भाषा, तीन लिप्या आधीपासून आहेत, एक उजवीकडून आणि दोन डावीकडून. त्यांच्या भाराचं कुणाला विचारावंसं वाटलं नाही. आम्हीही ते बोललो नाही, कारण बोललो असतो तर मराठी नको म्हणतात, असा अर्थ निघाला असता. आम्हाला मराठी हवी आहे. पातूरची पाटी राहिली याचा आनंद मला आजही आहे. पण पाटीच्या आत गेल्यावर खिडकीवरची नोटीस मराठीतच असते, आणि ती वाचून उलट प्रश्न विचारता येणं ही माझ्या मुलांची गरज आहे.

सोलापुरात मराठीतून बोलणारा मुसलमान ही काही नवलाई नाही. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली इथेच भरलं. फकरुद्दीन बेन्नूर सर याच शहरात राहिले, इथेच लिहीत राहिले. त्याही आधीचं सांगायचं तर, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या आमच्या चार हुतात्म्यांत मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांच्याबरोबर कुर्बान हुसेन होते, हे प्रत्येक सोलापूरकराला माहीत आहे. ते ‘गझनफर’ नावाच्या पत्राचे संपादक होते, हे मात्र माझ्या वर्गात एकालाही ठाऊक नव्हतं. गझनफर म्हणजे सिंह. मी सांगितलं तेव्हा पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले. चौकातल्या पुतळ्यातला माणूस पेपर काढायचा! एकाने विचारलं, उसमें पानी का टाइम आता था क्या? आता याचं काय उत्तर देणार.

मग आम्ही पत्र लिहिलं. पत्रलेखन अभ्यासक्रमात आहेच, फक्त नेहमी ते ‘मित्रास अभिनंदनपर’ असतं. या वेळी ‘मा. संपादक’. मसुदा तीन तास चालला. मुलांनी आधी ‘कृपा करून पाणी देण्याची मेहेरबानी करावी’ असं लिहिलं होतं. मेहेरबानी खोडायला लावली. पाणीपट्टी कोण भरतं, हे विचारलं. कुणाच्या घरून पावती आली, कुणाच्या घरून थकबाकीची नोटीस आली, त्यावरही चर्चा झाली. शेवटी मागणी एकच ठेवली: आमच्या भागात पाणी रात्री दोनऐवजी संध्याकाळी किंवा पहाटे सोडावे आणि वेळ आदल्या दिवशी कळवावी, कारण मुलींची शाळा बुडते.

अकरा दिवसांनी पत्र छापून आलं. चार ओळी. शाळेतल्या मुलींचं वाक्य कापलं गेलं होतं, ‘परिसरातील नागरिकांची गैरसोय’ असं राहिलं होतं. जागा कमी असते, मला कळतं. पण वाक्याबरोबर कारणच गेलं. मुलांना त्याचं एवढं नव्हतं, खाली ‘इयत्ता नववीचे विद्यार्थी’ छापलं होतं, त्यातच ती खूश होती. मुली मात्र नव्हत्या. विद्यार्थी म्हटल्यावर विद्यार्थिनी त्यात धरायच्या असतात हे मी सांगितलं, पण माझ्याच आवाजात जोर नव्हता.

पुढच्या पाळीला पाणी रात्री साडेअकराला आलं. पत्राचा परिणाम, असं वर्गाने जाहीर करून टाकलं. त्या मुलीच्या आईने चावीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, कसलं पत्र, पुढच्या भागातला व्हॉल्व्ह नादुरुस्त होता म्हणून इकडे आधी सोडलं. त्यानंतरच्या पाळीला परत दोन वाजून दहा मिनिटं.

ही वेळ मला नेमकी माहीत आहे, कारण ती मुलगी आता लिहून ठेवते. उर्दूच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख, पाणी आल्याची वेळ, गेल्याची वेळ, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी गल्लीतल्या किती मुली शाळेत आल्या नाहीत. सहा नोंदी झाल्या आहेत. दहा झाल्या की दुसरं पत्र, या वेळी पेपरला नाही, थेट पाणीपुरवठा विभागाला, पोच घेऊन. मसुदा ती करणार आहे. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, असं तिने मला बजावलं आहे.