चारातली एकच उजळली

दिवाळीत अकोटला गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर सतरंजी टाकली (अर्थातच अकोटचीच!) आणि आडवा झालो. वर पूर्वा-उत्तरा भाद्रपदांचा मोठा चौकोन. त्याच्या नैऋत्येला एक क्वेसार आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण मला अकोटला ओढून आणलं ते त्यानेच.

क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा लखलखता गाभा. महाकाय कृष्णविवराभोवती फिरणारा वायू तापतो आणि झळाळतो. हा क्वेसार सुमारे ८०० कोटी प्रकाशवर्षं दूर. त्याच्या आणि आपल्या बरोबर मधे, ४० कोटी प्रकाशवर्षांवर, दुसरी एक दीर्घिका. तिच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकतो आणि एकाच क्वेसारच्या चार प्रतिमा दिसतात. हा 'आइनस्टाइन क्रॉस'. मधली दीर्घिका भिंगाचं काम करते हे १९८५ मध्ये कळलं.

खरी गंमत पुढे आहे. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत चारातली एकच प्रतिमा उजळलेली आढळली. क्वेसार स्वतः उजळला असता तर चारही प्रतिमा जेमतेम एखाद्या दिवसाच्या अंतराने उजळल्या असत्या. बाकीच्या तिघी तशाच राहिल्या, म्हणजे क्वेसार बदललेला नव्हता. मधल्या दीर्घिकेतला एखादा तारा त्या एका वाटेवर सरकत आला होता. हे सूक्ष्म गुरुत्वीय भिंग! त्याचा परिणाम महिनोन् महिने टिकतो. प्रकाशाचा उगम जितका लहान, तितका फरक मोठा. म्हणून गाभ्याजवळचा निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त चढउतार दाखवतो. त्यावरून, कुठल्याच दुर्बिणीला थेट दिसणार नाही अशा त्या तबकडीचा आकार काढता येतो.

नारळीकरांच्या पुस्तकांनी लहानपणी हे वेड लावलं. १९७९ साली त्यांनी आणि शशिकुमार चित्र्यांनी क्वेसारमधल्या एका कोड्याचा खुलासा गुरुत्वीय भिंगाने होऊ शकेल असं मांडलं होतं. तो खुलासा पुढे मागे पडला. पण 'दिसतं ते तसंच असेल का?' हा प्रश्न माझ्याजवळ राहिला.

राहिला म्हणतो, पण घरात वापरला नाही. वर्षापूर्वी एका नातेवाइकाने फोनवर सांगितलं, "दादा आता पहिल्यासारखा नाही राहिला." मी ते खरं धरलं आणि दादाला फोन करणं सोडलं. परवा हा क्रॉस वाचताना चमकलो... मी तर एकच प्रतिमा पाहिली होती! मग आईला विचारलं, आत्याला विचारलं, दादाच्या जुन्या मित्राला विचारलं. तिघांचंही एकच, दादा आहे तसाच आहे.

गच्चीवर त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुहाच फोन बंद झाला बे. मले वाटलं, तूच पुण्याचा झाला."

यंदा पावसाने त्याची पऱ्हाटी हातची गेली. ते मला कळवावं असं त्याला वाटलं नाही.

मधे कोण आलं ते इथे लिहीत नाही, तेही घरचंच माणूस. तारा आपल्या वाटेने जात असतो, त्याच्यावर काय रागवायचं? बाकीच्या तीन प्रतिमा मी बघायला हव्या होत्या.

असो. आता दर रविवारी फोन.