मन्याचं नाक कुठे असतं?

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी मांजर आहे? असेल, तर एक गोष्ट तुम्ही नक्की पाहिली असेल. शी-शू करण्याआधी मांजर पंजानं खड्डा उकरतं आणि झाल्यावर तो नीट बुजवतं. अंगणात, परसात त्याला हवी तेवढी माती मिळते. पण आमचा मन्या राहतो तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. त्याच्यासाठी माती घरातच ठेवावी लागते, एका पसरट ट्रेमध्ये. दुकानात या मातीला ‘कॅट लिटर’ म्हणतात. दुधाचा लिटर वेगळा, हा वेगळा, बरं का!

या लिटरची जन्मकथा मजेदार आहे. १९४७ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड लो नावाच्या तरुणाकडे त्याची शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. तोपर्यंत ती ट्रेमध्ये राख घालत होती आणि मांजराच्या पायांनी घरभर काळे ठसे उमटत होते. लोनं तिला वाळूऐवजी ओल टिपणाऱ्या मातीचे खडे दिले. ही माती आपल्या मुलतानी मातीच्याच जातीची! शेजारीण खूश झाली आणि लोला एक मोठा धंदा सापडला. पुढे बेंटोनाइट ही माती वापरात आली. आपल्याकडे ती कच्छमध्ये भरपूर सापडते. ओली झाली की ती फुगते आणि तिचा गोळा होतो. झाऱ्यासारख्या पळीनं गोळा उचलला, की झालं काम!

इतकी सोयीची वस्तू, मग अडलं कुठे? अडलं मन्याच्या छातीत. मन्याला दमा आहे.

हो, मांजरांनाही दमा होतो. मन्या जमिनीलगत दबून बसतो, मान पुढे ताणतो आणि खोकत राहतो. पाहणाऱ्याला वाटावं, घशात केसांचा गोळा अडकलाय. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला, औषध सुरू केलं आणि बजावलं, “धूर आणि धूळ याच्यापासून लांब ठेवा.” अगरबत्ती आणि डासांची कॉइल आम्ही त्याच दिवशी बंद केली. राहिली धूळ. ती तर त्याच्या ट्रेमध्येच होती!

उभ्या माणसाला ही धूळ दिसत नाही. पण खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत लिटर ओतून पाहा. केवढा ढग उठतो! उकरताना मन्याचं नाक त्या ढगापासून चार बोटांवर असतं. म्हणून ठरवलं, निवड करायची ती मन्याच्या नाकाच्या उंचीवरून.

दुकानात प्रत्येक पिशवीवर ‘धूळ नाही’ असं छापलेलं. छापील शब्दावर विसंबण्यापेक्षा आम्ही एक प्रयोग केला. काचेच्या बरणीत मूठभर लिटर घातलं, झाकण लावून जोरात हलवलं आणि अंधारात टॉर्च लावून पाहिलं. बेंटोनाइटच्या बरणीत धुकंच धुकं. वखारीतल्या लाकडी भुश्याचंही तेच. कागदाच्या गोळ्यांची बरणी जवळजवळ स्वच्छ होती. दाबून केलेल्या लाकडाच्या गोळ्या आणि सोयाबीनच्या चोथ्याच्या कांड्या यांच्याही बरण्यांत फारसं काही उडालं नाही. सुगंधी लिटर आम्ही घेतलंच नाही. आपल्याला सुखद वाटणारा वास दम्याच्या छातीला त्रास देऊ शकतो.

मग काय, प्रश्न सुटला? छे! मन्याचं मत कुठे घेतलं होतं?

हे मत फार महत्त्वाचं असतं, बरं का. लिटर आवडलं नाही, तर मांजर लघवी दाबून धरतं. बोक्याचा लघवीचा मार्ग अरुंद असतो. तो तुंबला, तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. बोका वारंवार ट्रेमध्ये बसतोय आणि काहीच होत नाही असं दिसलं, तर लगेच डॉक्टरांकडे न्यायचं. म्हणून जुना ट्रे न हलवता आम्ही त्याशेजारी नवा मांडला. लाकडाच्या गोळ्यांवर मन्यानं एक पाय ठेवला, झटकला आणि जुन्या ट्रेकडे गेला. कागदाच्या गोळ्या नुसत्या हुंगल्या. सोयाबीनच्या कांड्यांवर मात्र चौथ्या दिवशी स्वारी चढली, खड्डा उकरला आणि पुढचं सगळं यथासांग पार पडलं! त्यानंतरच जुना ट्रे हळूहळू रिकामा केला.

आमची धाकटी रोज एक काम करते. मन्या गाढ झोपला, की घड्याळ लावून ३० सेकंदांत त्याची छाती किती वेळा वर येते ते मोजते, दुप्पट करते आणि वहीत लिहिते. झोपलेल्या निरोगी मांजराचे श्वास मिनिटाला साधारण ३० च्या आत असतात. मन्याच्या वहीत पहिला आकडा ४४ आहे, गेल्या आठवड्यातला २६. यात औषधाचा वाटा मोठा. लिटर बदलून दमा बरा होत नाही आणि औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचं नसतं. पण औषधाला साथ देणं आपल्या हातात असतं.

तुमच्या घरीही कुणी मुकं जनावर असेल. त्याच्यासाठी काही निवडायची वेळ आली, तर आधी जमिनीवर बसा. त्याचं नाक, डोळे, पाय कुठवर पोचतात ते पाहा. पिशवीवरची अक्षरं मग वाचा.