आधी मोरी मोकळी करा

गणपती गेले की मला फोन यायला लागतात. ऐरोलीहून, भांडुपहून, कधी वाशीहून. ‘मॅडम, खाडीकडची तिवरं एकाएकी वाळली. कोणीतरी रात्रीतून औषध मारलंय.’ औषधबिवध बहुतेक वेळा काही नसतं. हायब्लिया प्युएरा नावाच्या पतंगाची अळी पडलेली असते. सागाची पानं फस्त करते तीच ही. फांदी वाकवून पाहिली तर दुमडलेल्या पानाच्या आत काळपट अळी सापडते. बघता बघता अख्ख्या पट्ट्याचे खराटे होतात. पक्ष्यांची मात्र चंगळ. फवारणी करू नका, असं मी दरवर्षी सांगते, आणि फराळाच्या दिवसांपर्यंत झाडांना नवी पालवी फुटलेली असते.

तिवर असं सहजासहजी मरत नाही. खारं पाणी पिऊन जास्तीचं मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं. उन्हाळ्यात एखादं पान जिभेला लावून पाहा. पायाखालच्या काळ्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. म्हणून मुळांचे बोटभर उंचीचे असंख्य खुंट चिखलाबाहेर डोकं काढतात आणि ओहोटीच्या वेळी हवा घेतात. पाणी यायला हवं तसं ते उतरायलाही हवं. निवट्या, चिंबोऱ्या, खाजणात वाढणारी जिताड्याची पिल्लं, सगळ्यांचं पोट या येण्या-जाण्यावर.

त्यामुळे कांदळवन मारायला कुऱ्हाड लागत नाही. भराव घालून रस्ता काढला, खालच्या मोऱ्या राडारोड्याने बुजल्या, की काम झालं. आत पाणी तुंबून राहिलं तर खुंट बुडून झाड गुदमरतं. पाणी आत आलंच नाही तर जमीन सुकते आणि मिठाचं प्रमाण झाडाच्याही सोसण्यापलीकडे जातं. गुन्हा नोंदवायला गेलं तर तोडलेलं लाकूड दाखवा म्हणतात. तोडलेलं नसतंच! रायगडच्या खारेपाटातला शेतकरी खारबांधाची उघाडी भरती-ओहोटी बघून सांभाळतो. पाण्याचं एवढं भान आपल्या रस्त्यांच्या नकाशांत दिसत नाही.

कायदा कमी आहे असं नाही. राज्याच्या वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये राज्यभर कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली आणि भोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यालाही संरक्षण दिलं. सार्वजनिक हिताच्या प्रकल्पांना न्यायालयाच्या परवानगीने वाट मिळते, आणि बदल्यात दुसरीकडे झाडं लावण्याचं वचन दिलं जातं. माझं भांडण या वचनाशी आहे.

कांदळाच्या लांब शेंगा चिखलात खोचणं सोपं, फोटोही छान येतो. पण कांदळ जागा बघून वाढतो. समुद्राच्या तोंडाशी आधी रुजते ती चिप्पी. पांढरी चिप्पी तर आपला राज्य कांदळवृक्ष आहे. चुकीच्या पातळीवर खोचलेली रोपं पहिल्या दोन-तीन उधाणांत उपटून जातात. त्याहून वाईट म्हणजे ती जगली तर! ठाणे खाडीत ऑगस्ट २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसरचा दर्जा मिळाला. रोहित झाडांत चरत नाहीत. त्यांना उघडा चिखल लागतो. छोटा रोहित तर मुख्यतः तिथल्या शेवाळावर जगतो. खाडीत गाळ साचतोय, त्यावर तिवरं आपण न लावताही पुढे सरकतायत. उपग्रहाच्या चित्रात हिरवा रंग वाढला म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी हेही पाहावं, की त्या हिरव्याखाली कोणाचं ताट गेलं.

म्हणून रोपं लावण्याच्या कार्यक्रमांना मी सहसा जात नाही. पाण्याची वाट मोकळी झाली आणि जवळपास बी देणारी झाडं असली, तर भरती स्वतःच बी आणून टाकते.

तुम्ही खाडीकाठी राहत असाल तर एक करा. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येनंतर दोन-तीन दिवस उधाणाचं पाणी असतं. त्या वेळी जवळच्या मोरीशी जाऊन उभे राहा. पाणी आत जातंय का, आणि ओहोटीला बाहेर पडतंय का, एवढंच बघा. नसेल तर तारीख-वेळेसह फोटो काढून कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.