पुढं गेलेलं पोतं

मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून ज्वारी, बाजरी, हरभराडाळ, उडीद, धणे घेऊन आले आणि बिबवेवाडीतल्या घरी भाजणीला बसले. शेवटी धणे कढईत पडले. ते तडतडले, त्यांचा वास घरभर झाला आणि मला गॅस बंद करून जरा खुर्चीत टेकावं लागलं. भाजणी भाचीसाठी होती. ती कॅलिफोर्नियात असते आणि यंदा जॉन म्यूर ट्रेल चालणार आहे. योसेमिटीपासून माउंट व्हिटनीपर्यंत साधारण ३४० किलोमीटर, सगळी डोंगरवाट. एवढ्या वाटेचं खाणं एका वेळी पाठीवर मावत नाही, म्हणून मध्यावर म्यूर ट्रेल रँच नावाचं ठिकाण आहे तिथं आपला शिधा आपणच टपालानं काही आठवडे आधी धाडून ठेवायचा. तोही झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बादलीत, उंदरांनी कुरतडू नये म्हणून. “मावशी, पाठवणारी मी आणि घेणारीही मीच,” ती फोनवर सांगत होती. मी हो हो म्हणत होते, पण मन केव्हाच तोरण्याखालच्या वेल्ह्याला पोचलं होतं.

कॉलेजच्या दिवसांत आम्ही मित्रमैत्रिणी सिंहगडावरून निघून राजगड, तोरणा करत रायगडापर्यंत चालत जाणार होतो. तोरण्यापर्यंत पुरेल इतकं पाठीवर घेतलं आणि पुढचा शिधा एका पोत्यात भरला. तांदूळ, मुगाची डाळ, भाजणी, गूळ, शेंगदाण्याची चटणी. पोतं आईनं भरलं आणि दाभण-सुतळीनं तिनंच शिवलं. वर मी काळ्या शाईत ब्रश बुडवून मोठ्या अक्षरांत माझंच नाव लिहिलं, खाली वेल्ह्यातल्या एका किराणा दुकानाचा पत्ता. स्वारगेटला ते एस.टी.च्या टपावर चढलं. गाडी फलाटावरून हलली तेव्हा मला फार विचित्र वाटलं. माझं नाव माझ्याआधी प्रवासाला निघालं होतं.

एस.टी. आणि शिधा हे नातं जुनं आहे. १ जून १९४८ ला पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली, आणि पुढं गावोगाव रस्ता पोचला तसे डबेही धावू लागले. पुण्यात खोली करून शिकणाऱ्या कितीतरी मुलांना आईच्या हातची भाकरी सकाळच्या गाडीनं मिळत आली. फडक्यात बांधलेला डबा, त्यावर नाव, आणि मधे एक ड्रायव्हर, एक कंडक्टर. ती मुलं पुढं साहेब झाली, डॉक्टर झाली. त्या ड्रायव्हर-कंडक्टरांबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आमच्या गटात वयानं मोठे असे एक जण होते. पोतं पुढं पाठवायचं ठरलं तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, “ज्याला आपलं ओझं आपल्या पाठीवर नेता येत नाही, त्यानं डोंगरात येऊ नये.” त्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. हे डोंगर ज्यांनी खरोखर राखले त्यांचा सगळा कारभारच माल आधी पोचवण्यावर उभा होता. पन्हाळ्यावर अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या तीन कोठ्या आजही उभ्या आहेत, राजगडाच्या पद्मावती माचीवर कोठारांचे अवशेष पायाखाली येतात. वेढा पडायच्या आधी धान्य वर गेलेलं असे, म्हणून गड झुंजत. त्या मावळ्यांना कुणी दुबळं म्हणेल का?

आणि वाटेतला साठा कुठं आहे यावर माणसाचा जीव टांगलेला असतो. १९११ च्या फेब्रुवारीत कॅप्टन स्कॉटच्या तुकडीनं अंटार्क्टिकाच्या बर्फात परतीच्या वाटेसाठी सुमारे एक टन सामान पुरून ठेवलं. ठिकाण ठरलं होतं ८० अंश दक्षिणेवर. पण सामान ओढणारी तट्टं थकली, आणि साठा ५०-६० किलोमीटर अलीकडेच राहिला. तुकडीतला ओट्स म्हणत होता, जनावरं गेली तरी चालतील, पुढं जाऊ. स्कॉटला ते बघवेना. पुढच्या वर्षी मार्चमध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना ओट्स वाटेत गेला, आणि स्कॉट आणि त्याचे दोन सोबती तंबूत मेले ते त्या साठ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर. ठरल्या जागी साठा असता तर तो त्यांच्या मागं पडला असता, म्हणजे त्यांना तो मिळून गेला असता. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती. तट्टांची दया आली म्हणून मी स्कॉटला दोष देऊ शकत नाही, आणि ओट्सचं म्हणणं खरं होतं हेही विसरू शकत नाही.

तर वेल्हे. तोरणा उतरून दुकानात गेलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. गल्ल्यावर एक आजी होत्या. पोतं आल्याबरोबर त्यांनी ते जमिनीवर न ठेवता आत आढ्याला टांगलं होतं, उंदीर लागू नयेत म्हणून. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, “नाव कुनीबी सांगंल. आत काय हाय त्ये सांगा.” मी तांदूळ, डाळ, भाजणी सांगितली. त्यांनी बाहेरून चाचपून पाहिलं, एका ठिकाणी बोट दाबून विचारलं, “आन् ह्ये गोल?” मला ते ठाऊक नव्हतं, कारण पोतं आईनं भरलं होतं. सगळे गप्प झाले. मग आजींनी पुडी बांधायचा कागद आणि पेन्सिल पुढं केली. “ल्ह्या तुमचं नाव. तसंच, मोठ्ठं.”

मी लिहिलं. आजींनी कागद पोत्याशी धरला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत, इकडे बघ, तिकडे बघ, असं सगळं नाव पार केलं. वेलांटीची गाठ, ‘र’ची शेपटी, काही सोडलं नाही. मग म्हणाल्या, “मला वाचाया येत न्हाई. पन हात त्योच हाय.” आणि सुतळी सोडायला विळी दिली.

ते गोल म्हणजे डिंकाचे लाडू होते. त्या ओझंवाल्या मोठ्यांनीही खाल्ले, आवडीनं. आढ्याखाली चूल होती, त्यामुळे भाजणीला धुराचा वास लागला होता आणि पुढं मोहरी गावात थापलेल्या थालीपिठांनाही तो होता. मोहरीच्या पुढं सिंगापूर नावाचं गाव आहे. परदेशातल्या शहराचंच नाव. आणि एकाच नावाची गावं तर आपल्या देशातही इतकी की टपालाची पत्रं भरकटत. त्यावर तोडगा काढला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, टपाल खात्यातला मराठी माणूस आणि संस्कृत कवी. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला. माझ्या बिबवेवाडीला ४११०३७ मिळाला. त्या सहा आकड्यांचा मला अभिमान आहे. पण आकडे पार्सल दारापर्यंत आणतात. दारात उभी असलेली बाई पोत्याचीच आहे का, हे आजींनी ठरवलं होतं.

असं पुढं जाणारं सामान मला वारीतही दिसतं. आषाढीच्या आधी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात असते, तेव्हा मी दर वर्षी पहाटे तिथं जाते. दर्शन होतंच, पण माझं लक्ष दिंड्यांच्या ट्रककडे असतं. सासवडचा टप्पा लांबचा, मधे दिवेघाट, म्हणून वळकट्या, पिशव्या, पत्र्याच्या पेट्या ट्रकमधून आधी पुढं जातात. वारकरी मागून चालत येतो आणि संध्याकाळी आपलं गाठोडं शोधतो. काहींवर रंगानं नाव असतं. बऱ्याच बायका मात्र खूण म्हणून जुन्या लुगड्याची चिंधी बांधतात, कुणी तांबडी, कुणी हिरवी, कुणी दोन गाठींची. एवढ्या ढिगातून त्या आपली वळकटी नेमकी उचलतात.

गेल्या वर्षी एका म्हाताऱ्या माउलीचं गाठोडं वर द्यायला मी हात लावला. चांगलंच जड होतं. ट्रकवरच्या पोरानं ते ओढून घेतलं आणि आडवं टाकलं. माउली टाचा उंचावून ओरडली, “आरं उभं ठेव, उभं! लोणचं हाय त्यात. सासवडला सगळ्यांला पुरवायचंय!”