दाढांची साक्ष

शासकीय कोषागारात ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली आहेत, त्यांना मार्च महिन्याचे वर्णन निराळे ऐकवावे लागत नाही. 31 तारखेला आर्थिक वर्ष संपते, तोवर खर्ची न पडलेली तरतूद व्यपगत होते, आणि म्हणून वर्षभर कोठेतरी रेंगाळलेली देयके शेवटच्या पंधरवड्यात एकदम येऊन थडकतात. संवितरण अधिकाऱ्यांचा तगादा, आक्षेप लागून परत गेलेल्या देयकांच्या फेऱ्या, आणि या सर्वांच्या तळाशी, आपल्या हातून एखादे चुकीचे देयक पारित झाले तर उद्या चौकशीला आपल्यालाच उभे राहावे लागेल, ही धास्ती. लिपिक म्हणून रुजू झाले तेव्हापासून हा शिरस्ता मी पाहत आले आहे, आणि कामाच्या ओझ्याविषयी माझी कधीच तक्रार नव्हती. कारण कपाटाला कुलूप लागले की विषय सकाळपर्यंत तहकूब होत असे. पुढे देयके संगणकावर आली, ती सोय खरोखरच मोठी झाली. परंतु मागोमाग कार्यालयाचा व्हॉट्सॲप गट आला, आणि ‘उद्या प्रथम हे पाहावे’ अशा मजकुराचे संदेश रात्री साडेदहा-अकराला येऊ लागून उद्याचे काम आजच्या अंथरुणात शिरले.

हे प्रथम कोणाच्या ध्यानात आले असेल, तर ते माझ्या सासूबाईंच्या. यजमानांची नोकरी फिरतीची असल्यामुळे त्या माझ्याच खोलीत निजत. “अगं, रात्रभर करकर दात खातेस. पोटात जंत झाले असतील,” असे म्हणून त्यांनी वावडिंगाचा काढा सुरू केला, आणि त्यांच्या मायेखातर मी तो मुकाट्याने घेतलाही. दात मात्र थंड पाण्याने ठणकू लागले. दंतवैद्य बाईंनी आरसा धरून मला माझ्याच दाढा दाखविल्या: उंचवटे झिजून सपाट झालेले, आणि मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ जे दंतवल्क, त्याच्या आतला पिवळसर थर मधूनमधून उघडा पडलेला. “ताई, नोकरी कुठे करता?” त्यांनी विचारले. मी कोषागाराचे नाव घेताच त्या म्हणाल्या, “मग मार्च संपल्यावर या असं म्हणत नाही. आत्ताच माप घेते.”

रात्री दातांवर बसवावयाचे ॲक्रिलिकचे कवच मला मिळाले, आणि ते दातांना जपेल, दात खाण्याचे कारण दूर करणार नाही, अशी स्पष्ट समजही. दिवसा पाळावयाचा नियम साधा होता: ओठ मिटलेले, दात सुटे. विश्रांतीच्या स्थितीत वरच्या व खालच्या दातांत थोडे अंतर असते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. दुसऱ्याच दिवशी टेबलाशी बसून मी लक्ष ठेवले, तेव्हा देयक उघडण्यापूर्वी, मोबाइल नुसता थरथरताच, जबडा आवळलेला आढळला; संदेश कोणाचा आणि कशाविषयी, हे मन वाचील तेव्हा वाचील, शरीर मात्र आधीच सज्ज.

1936 साली माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातील हान्स सेल्ये यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध केले होते. उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम वा विषारी औषध यांपैकी काहीही भोगावयास लावले, तरी शरीराचा प्रतिसाद एकाच साच्याचा दिसतो, असे त्यात त्यांनी दाखविले. ते वाचल्यावर मला स्वतःविषयी वाटणारी शरम पुष्कळशी ओसरली. संकट जिवावरचे आहे की एका आक्षेपापुरते, याची छाननी शरीर करीत बसत नाही. ते दोहोंना एकाच तत्परतेने सामोरे जाते, आणि ही तत्परता रात्रंदिवस चालू राहिली तर झीज ही व्हायचीच.

स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास स्थापन केलेल्या कैवल्यधामात शिकून आलेल्या एका शिक्षिकेने मला श्वास सावकाश, घेण्यापेक्षा अधिक वेळ घेऊन सोडावयास शिकविले. मनगटावर बोट ठेवून पाहिले असता, उच्छ्वासाबरोबर नाडीचे ठोके विरळ होतात, हे कोणालाही पडताळता येईल. मात्र श्वासावरच सारी भिस्त ठेवावी, हे मला मान्य नाही. दिवसभर चुलीत लाकडे सारीत राहायचे आणि रात्री पाण्याचा हबका मारायचा, यात कसले शहाणपण? म्हणून आम्ही चौघींनी साहेबांकडे लेखी विनंती केली: आक्षेपांची यादी दुपारी व सायंकाळी अशी दोनदाच पाठवावी, रात्री 8 नंतर गटावर काही टाकू नये, आणि खरोखरच निकडीचे असेल तर सरळ फोन करावा. त्यांनी ती मंजूर केली. त्या मार्चअखेरीस 31 तारखेला मध्यरात्रीपर्यंत आम्ही कचेरीतच होतो, कामात तसूभरही कमतरता नव्हती. पण निकडीचा म्हणून रात्री घरी फोन क्वचितच आला. कवच आजही वापरते. त्यावर उमटणारे चरे पूर्वीइतके खोल नसतात.

ज्यांचा ताण अशा उपायांनी हटत नाही, त्यांनी संकोच न बाळगता 14416 या टेलि-मानसच्या निःशुल्क क्रमांकावर बोलावे. तो अहोरात्र चालू असतो. आणि ज्यांच्या हाती हुद्दा आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की रात्री हाताखालच्या माणसाला संदेश पाठविण्यापूर्वी ते काम सकाळपर्यंत थांबू शकेल काय, एवढे एकदा पाहावे. बहुतेक वेळा ते थांबू शकते.